अनोळखी मुलुखातील पायवाटा : फादर आर्मां दावीद यांचे चीनभ्रमण

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घराघरांतून सहलीचे बेत सुरू होतात. कुणी व्हेलांकणीच्या यात्रेला निघतो, कुणी उटी-कोडाईकनालची तिकिटे काढतो, तर कुणी आता परदेशवारीही करतो. अनोळखी मुलूख पाहण्याची ओढ माणसाला उपजतच असते. परंतु त्या मुलुखात जाऊन आपण नेमके काय पाहतो, याचा विचार क्वचितच होतो. ठरलेली स्थळे, ठरलेली छायाचित्रे आणि ठरलेली खरेदी यांतच सहल आटोपते. तिथली माती पायाला लागत नाही, तिथल्या पाखरांचे आवाज कानी पडत नाहीत, आणि तिथल्या माणसांशी भाव विचारण्यापलीकडे बोलणे होत नाही. पायी हिंडणाऱ्याचे मात्र तसे नसते. त्याला वाट विचारावी लागते, दमल्यावर कुणाच्या तरी ओसरीवर टेकावे लागते, आणि चाल मंद असल्यामुळे डोळ्यांना सवड मिळते.

अशाच एका पायी हिंडणाऱ्या धर्मगुरूची ही हकिगत आहे. दीडशे वर्षांपूर्वी चीनमधील डोंगरदऱ्या तुडवणाऱ्या फादर आर्मां दावीद यांचे नाव निसर्गाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आपल्या कुटुंबांत ते फारसे ठाऊक नसावे. ही हकिगत निव्वळ कौतुकाची नाही. परक्या मुलुखात गेलेल्या पाहुण्याची नजर काय घडवू शकते आणि काय बिघडवू शकते, हा प्रश्न तिच्यातून उभा राहतो.

आर्मां दावीद यांचा जन्म 7 सप्टेंबर 1826 रोजी फ्रान्सच्या बास्क प्रांतातील एस्पेलेत या गावी झाला. हे गाव पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेले आहे. वडिलांना निसर्गाची आवड होती आणि रानावनांत भटकण्याचा छंद मुलाला लहानपणीच जडला. 1848 साली त्यांनी संत विन्सेंट द पॉल यांनी स्थापन केलेल्या मिशन संघात, म्हणजेच लाझरिस्ट संघात, प्रवेश केला. इटलीतील साव्होना येथील विद्यालयात त्यांनी सुमारे दहा वर्षे निसर्गविज्ञान शिकवले. पुढे न्यू गिनीच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झालेले दाल्बेर्तिस हे त्यांच्याच हाताखाली शिकले. 1862 साली संघाने त्यांना चीनची राजधानी पेकिंग, म्हणजे आजचे बीजिंग, येथे पाठवले. शाळेत शिकवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. मोकळ्या वेळात ते शहराबाहेर हिंडत, पाखरे, कीटक आणि झाडपाला गोळा करीत आणि शाळेच्या छोट्या संग्रहालयात मांडीत. त्यांतले काही नमुने पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयाकडे गेले. ते पाहून तेथील प्राध्यापक आंरी मिल्न-एडवर्ड्स इतके प्रभावित झाले की, या धर्मगुरूला काही काळ संशोधनासाठी मोकळे करावे, अशी विनंती संघाच्या प्रमुखांकडे करण्यात आली. ती मान्य झाली.

येथे इतिहासाची एक बाजू नजरेआड करता येणार नाही. परक्या माणसाला चीनच्या अंतर्भागात हिंडण्याची मुभा पूर्वी नव्हती. दुसऱ्या अफूच्या युद्धानंतर, 1858 आणि 1860 च्या तहांनी, ती चीनकडून बळजबरीने मिळवण्यात आली. 1860 मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा सम्राटाचा उन्हाळी राजवाडा लुटला, आणि नंतर तो जाळण्यात आला. फादर दावीद तेथे पोहोचले ते अवघ्या दोन वर्षांनी. स्वतः ते शांत वृत्तीचे अभ्यासक होते, यात शंका नाही. पण ज्या दारातून ते आत शिरले ते दार तोफांनी फोडलेले होते. त्यांच्या भ्रमणाचे मोल ठरवताना हे भान ठेवणे न्यायाचे होईल.

पेकिंगच्या दक्षिणेस नान हायझी नावाचे सम्राटाचे राखीव शिकाररान होते. त्याभोवती मैलोगणती लांब भिंत होती आणि आत शिरण्यास परक्यांना सक्त मनाई होती. 1865 साली फिरत फिरत फादर दावीद त्या भिंतीपाशी पोहोचले आणि भिंतीवरून त्यांनी आत डोकावून पाहिले. दूरवर हरणांचा एक मोठा कळप चरत होता. परंतु अशी हरणे त्यांनी ना कधी पाहिली होती, ना कोणत्या ग्रंथात वाचली होती. चिनी लोक या प्राण्याला ‘मिलू’ म्हणतात. त्याचे लोकांत रूढ असलेले दुसरे नाव मोठे मजेदार आहे. त्याचा अर्थ ‘चौघांसारखा नसलेला’ असा होतो: शिंगे हरणाची, मान उंटाची, खूर गाईचे आणि शेपटी गाढवाची; तरी या चौघांपैकी एकही नव्हे! मिलू हा मूळचा पूर्व चीनच्या दलदलीतला प्राणी. शेतीसाठी दलदली आटत गेल्या, शिकार होत राहिली, आणि रानातून तो कित्येक शतकांपूर्वीच नाहीसा झाला. उरला होता तो फक्त या भिंतीआडचा एक कळप. फादरांनी पहारेकऱ्यांचे हात ओले करून कातडी आणि हाडे मिळवली आणि ती पॅरिसला धाडली. 1866 मध्ये आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी या हरणाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘एलाफ्युरस डेव्हिडियानस’ असे नाव दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत काही जिवंत मिलू युरोपातील प्राणिसंग्रहालयांत पोहोचले. या गोष्टीचे महत्त्व त्या वेळी कुणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते.

1866 ते 1874 या काळात फादर दावीद यांनी तीन मोठे प्रवास केले. पहिला मंगोलियाच्या पठारावर, दुसरा यांगत्से नदीच्या वाटेने पश्चिमेकडे तिबेटच्या सीमेलगतच्या डोंगरांत, आणि तिसरा मध्य व आग्नेय चीनमध्ये. मंगोलियाच्या प्रवासात सामदादचिएंबा नावाचा वाटाड्या त्यांच्यासोबत होता. पूर्वी ल्हासाला जाणाऱ्या ह्यूक आणि गाबे या दोन लाझरिस्ट धर्मगुरूंना साथ देणारा हाच तो अनुभवी माणूस. पठारावरील पिवळसर उंदरांसारखा एक छोटा प्राणी फादरांनी तेथून पॅरिसला पाठवला. आज जगभरच्या घरांत मुले ज्याला हौसेने पाळतात तो मंगोलियन जर्बिल म्हणजे हाच. प्रवास खडतर होते. खेचरांवर सामान, पायी चाल, मिळेल ते अन्न आणि मिळेल तो निवारा! रात्री दिव्याच्या उजेडात दिवसभराचे नमुने साफ करायचे, त्यांवर चिठ्ठ्या बांधायच्या आणि रोजनिशी लिहायची, असा त्यांचा क्रम होता. त्या रोजनिश्या पुढे प्रसिद्ध झाल्या.

28 फेब्रुवारी 1869 रोजी ते सेचुआन प्रांताच्या पश्चिम टोकाला, मुपिन या डोंगरी संस्थानात पोहोचले. आजचे बाओशिंग ते हेच. तेथे पॅरिसच्या परदेशी मिशन संघाने चिनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेले एक छोटे विद्यालय होते. त्याच्या आश्रयाने ते त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत राहिले. चारी बाजूंनी उंच पर्वत, बांबूची बने, धुके आणि बर्फ. मार्च महिन्यातल्या एका चढाईत तर कडे इतके उभे होते, की झाडांच्या मुळ्या आणि फांद्या धरून तासन्‌तास वर सरकावे लागले. गोठलेल्या बर्फावरून घसरून जीव जाण्याचीच वेळ आली होती.

त्याच महिन्यात ती प्रसिद्ध घटना घडली. 11 मार्च रोजी दिवसभराची पायपीट करून परतताना, ली आडनावाच्या एका जमीनदाराने या थकलेल्या परदेशी पाहुण्याला आपल्या घरी चहा-फराळाला बोलावले. त्या घरात फादरांना एका अस्वलाचे कातडे दिसले. ते पांढरे होते. त्यावर ठळक काळे भाग होते. असे जनावर त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. स्थानिक शिकाऱ्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही. ते त्याला पांढरे अस्वल म्हणत. त्यांनी एखादा नमुना आणून देण्याचे कबूल केले. बारा दिवसांनी, 23 मार्चला, त्यांनी एक पिल्लू आणले. ते जिवंत पकडलेले होते, परंतु वाहून आणण्यास सोपे जावे म्हणून त्यांनी ते मारून टाकले होते. 1 एप्रिलला पूर्ण वाढ झालेले जनावरही आले. फादरांनी पॅरिसला वर्णन पाठवले. जगाला वेड लावणारा पांडा तो हाच!

पाठ्यपुस्तकांत ‘1869 साली पांड्याचा शोध लागला’ असे वाक्य असते. मला या वाक्यापाशी नेहमी थबकावेसे वाटते. शोध कुणी लावला? मुपिनच्या शिकाऱ्यांना ते जनावर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांच्या भाषेत त्याला नाव होते. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर सर्व प्राणी आदामासमोर आणतो आणि आदाम त्यांना नावे देतो. युरोपातल्या विद्वानांना आपण तो पहिला आदाम आहोत, असे वाटत असावे. प्रत्यक्षात प्रत्येक दरीत एकेक आदाम आधीच नावे ठेवून बसला होता. फादर दावीद यांचे खरे श्रेय निराळे आहे. एका दरीत बंदिस्त असलेले ज्ञान त्यांनी अचूकपणे टिपले आणि सगळ्या जगाच्या पंगतीत आणून मांडले. आणि ते मिळाले कुठे, तर एका यजमानाच्या घरी, चहाच्या वेळी! त्यांनी ते आमंत्रण नाकारले असते, तर पांड्याची ओळख जगाला व्हायला आणखी किती वर्षे लागली असती, कोण जाणे.

मुपिनच्या त्या मुक्कामात आणखीही पुष्कळ सापडले. नाक वर वळलेले, सोनेरी केसांचे माकड सापडले. मे महिन्यात फुलल्यावर ज्याच्या फांद्यांवर शेकडो पांढरी कबुतरे बसल्याचा भास होतो, असा वृक्षही सापडला. त्या वृक्षाला पुढे ‘डेव्हिडिया’ हे नाव मिळाले. चीनमधील पक्ष्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ एमिल उस्ताले यांच्या सहकार्याने 1877 साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत प्रकृती ढासळल्यामुळे ते 1874 मध्येच फ्रान्सला परतले होते.

तथापि फादर दावीद यांना आजच्या अर्थाने निसर्गरक्षक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यांच्याजवळ बंदूक असे आणि तिचा उपयोग ते करीत. त्या काळी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे पक्ष्याचे कातडे, हाच दंडक होता. परंतु दीर्घकाळ पायी हिंडणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप दिसू लागते, ती त्यांनाही दिसली. तिसऱ्या प्रवासात चिनलिंग पर्वतरांगांतून जाताना कुऱ्हाडींचे घाव त्यांच्या कानी सतत पडत होते. देखणे, जुने वृक्ष कोसळत होते. चीनमध्ये आधीच तुकड्यातुकड्यांनी उरलेली ही मूळची अरण्ये एकदा गेली की पुन्हा उभी राहणार नाहीत, आणि त्यांच्या सावलीत जगणारी असंख्य झुडपे आणि जीवजंतूही त्यांच्याबरोबर जातील, अशी खंत त्यांनी रोजनिशीत नोंदवली. परमेश्वराने पृथ्वीवर इतके विविध जीव निर्माण केले ते माणसाने स्वार्थापायी नष्ट करावेत म्हणून काय, हा प्रश्न त्यांना छळत राहिला. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ज्या विषयाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले, त्याच विषयाचा हा जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा एकाकी स्वर होता.

आता त्यांनी जगाला दाखवलेल्या तीन जीवांचे पुढे काय झाले, ते पाहू.

पहिला, पांडा. त्याची कीर्ती पसरली आणि शिकारीची हौस जागी झाली. 1929 साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांचे दोन पुत्र चीनमध्ये गेले आणि त्यांनी पांड्याची शिकार करून कातडे संग्रहालयासाठी नेले. 1936 मध्ये रूथ हार्कनेस या अमेरिकन महिलेने एक जिवंत पिल्लू अमेरिकेला नेले, आणि प्रत्येक मोठ्या प्राणिसंग्रहालयाला पांडा हवासा वाटू लागला. पण तीच कीर्ती पुढे त्याच्या कामी आली. 1961 साली स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीने पांडा हेच आपले बोधचिन्ह केले. चीननेही अभयारण्ये उभारली. 2015 मध्ये जाहीर झालेल्या गणनेत रानातील पांड्यांची संख्या 1864 भरली. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘संकटग्रस्त’ या वर्गातून काढून कमी धोक्याच्या वर्गात घातले.

दुसरा, कबुतरवृक्ष. त्याचे बी आणण्यासाठी इंग्लंडमधील एका रोपवाटिकेने 1899 साली अर्नेस्ट विल्सन या तरुण माळ्याला चीनला धाडले. ऑगस्टिन हेन्री या जाणकाराने त्याला एकुलत्या एका ठाऊक असलेल्या झाडाची जागा दाखवणारा नकाशा काढून दिला. हजारो मैलांचा प्रवास करून 1900 च्या वसंतात विल्सन तेथे पोहोचला, तर त्याला दिसला फक्त बुंधा. शेजारीच एक नवे घर उभे होते, आणि झाड त्या घरासाठी तोडलेले होते! त्याने धीर सोडला नाही; शोध चालू ठेवला आणि थोड्याच दिवसांत त्याला दुसरी झाडे फुललेली आढळली. घर बांधणाऱ्याचा तरी दोष कसा म्हणावा? त्याला निवारा हवा होता. आपल्या अंगणातले झाड दुर्मीळ आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

तिसरा, मिलू. याची कथा सर्वांत चटका लावणारी आहे. 1890 नंतरच्या दशकात नदीला मोठा पूर आला आणि नान हायझीची भिंत फुटली. बाहेर पडलेली हरणे पुराने उपाशी झालेल्या शेतकऱ्यांनी मारून खाल्ली. उरलेसुरले 1900 साली, बॉक्सर बंडाच्या धामधुमीत परदेशी फौजा पेकिंगमध्ये शिरल्या तेव्हा, संपले. मायदेशातला मिलूंचा तो अखेरचा कळप अशा रीतीने नामशेष झाला. त्याच वर्षी, 10 नोव्हेंबर 1900 रोजी, फादर दावीद यांनी पॅरिसमध्ये देह ठेवला. पण युरोपात गेलेल्या त्या थोड्याशा हरणांची संतती अजून जिवंत होती. इंग्लंडमधील बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकने निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांत विखुरलेले 18 मिलू वोबर्न ॲबे या आपल्या जहागिरीत गोळा केले. आज जगात असलेले सारे मिलू त्यांचेच वंशज. 1985 साली त्याच घराण्याच्या वारसाने दिलेले मिलू चीनला परत आले, आणि त्यांना सोडण्यात आले ते नान हायझीच्याच भूमीत. पुढल्या वर्षी आणखी 39 मिलू पीत समुद्राच्या किनाऱ्यावरील डाफेंग येथे आणले गेले. आज चीनमध्ये त्यांची संख्या हजारांच्या घरात आहे.

वाचकहो, या तिन्ही कथा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. पाहुण्याची नजर कधीच निरुपद्रवी नसते. ती जे पाहते त्याचा गवगवा होतो. गवगव्यामागून हाव येते आणि कधीकधी जिव्हाळाही येतो. पांड्याच्या बाबतीत आधी हाव आली, मग जिव्हाळा. मिलूच्या बाबतीत लाच देऊन मिळवलेल्या कातड्यापासून सुरू झालेली गोष्ट एका जातीच्या पुनरुत्थानापाशी जाऊन पोहोचली. म्हणून लाच देणे योग्य ठरत नाही, आणि तोफांनी फोडलेले दारही पवित्र ठरत नाही. परंतु परक्या मुलुखातून जे नेले ते कधीतरी, वाढवून, त्या मुलुखाला परत द्यायचे असते, हा धडा मात्र त्यातून मिळतो. चीनला आपले हरीण परत मिळण्यास जवळजवळ एक शतक लागले.

असे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. 1903 साली स्पेनमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याचे डोंगर त्यांनी वर्षानुवर्षे पायी तुडवले आणि तेथील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला. काही वर्षांच्या अंतराने एकदम बहरणाऱ्या कारवीच्या चक्राविषयीही त्यांनी लिहिले. ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. 1967 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 1970 मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. सह्याद्री हा त्यांच्यासाठी परका मुलूख होता. चालून चालून त्यांनी तो आपलासा केला. आपल्यापैकी किती जण खंडाळ्याच्या घाटातून आगगाडीने गेले असतील! खिडकीतून दिसणाऱ्या त्या हिरव्या उतारांवरील झाडाझुडपांची पद्धतशीर नोंद एका परदेशी धर्मगुरूने आपल्यासाठी करून ठेवली आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

तेव्हा पुढच्या सुट्टीत कुठेही जाल, तर एक सकाळ चालण्यासाठी राखून ठेवा. मुलांना बरोबर घ्या. मोबाईल खिशात राहू द्या. वाटेत भेटणाऱ्या गुराख्याला, मोळी घेऊन निघालेल्या मावशीला झाडाचे नाव विचारा, पाखराचे नाव विचारा; पुस्तकातले नाव नंतर शोधता येईल. कुणी चहाला बोलावले तर घाई आहे म्हणू नका. फुले तोडून, शिंपले पिशव्यांत भरून, घरटी हाताळून आनंद वाढत नाही. फादर दावीद यांच्या काळी नमुना नेल्यावाचून कुणाचा विश्वास बसत नसे. आपल्यावर ती सक्ती नाही. आपण नाव घेऊन परतावे, आठवण घेऊन परतावे, आणि जमल्यास त्या गावासाठी काही ठेवून यावे.

परमेश्वराची सृष्टी पाहणे हीसुद्धा एक प्रार्थना आहे, असे आपण प्रवचनांतून ऐकतो. ती प्रार्थना पायांनी करायची असते, सावकाश करायची असते, आणि आपण कुणाच्या तरी घरी आलो आहोत याची जाणीव ठेवून करायची असते.